पल्लवीची मण्यांची वटवाघळं

आधीच सांगून टाकतो. मी एसटीत कंडक्टर आहे आणि भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर थट्टेवारी नेल्या. आमच्या राजुरा-कोरपना रस्त्यावर एका पुलाजवळ म्हणे पांढऱ्या लुगड्यातली बाई गाडीला हात दाखवते. ड्रायव्हर लोक मान खाली घालून पुढे निघतात. मी म्हणायचो, "अरे, हात दाखवून राह्यली त थांबव ना गाडी. तिकीट मी फाडतो तिचं." सगळी गाडी हसायची.

म्हणजे मी असा माणूस. आता जे लिहितोय ते मलाच वाचून पटलं नसतं. तुम्हाला पटलं नाही तर माझा राग नाही...

आम्ही कोरपन्यात राहतो, बसस्टँडच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, पुढे छपरी, अंगणात सीताफळाचं झाड. गावाबाहेर पडलं की कापसाची शेतं आणि त्यांच्या पलीकडे सिमेंट कारखान्यांची धुराडी. वारा इकडचा असला की झाडाची पानंसुद्धा पांढुरकी होतात. घरात मी, माझी बायको सुनंदा आणि आमची एकुलती एक पोरगी, पल्लवी.

पल्लवीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार काय असतो ते वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. रक्ताचा आजार आहे, आईबापाकडून येतो. थंडी लागली, पाणी कमी पडलं, दगदग झाली की हाडांमध्ये असं दुखणं उठतं की मोठा माणूस लोळण घेतो. ती लहान होती तेव्हा रडायची. मोठी झाल्यावर रडणं सोडलं, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. दहावीच्या वर्षी डाव्या खुब्याचं हाड खराब झालं आणि तेव्हापासून पाय ओढत चालायला लागली. पायरी चढायची तर भिंतीला हात. बारावी झाली, कॉलेजात नावही घातलं, पण रोजचं जाणं-येणं जमेना. मग घरीच.

घरी बसून तिनं मणी धरले. मोबाईलवर पाहून पाहून शिकली. खिडकीजवळ तिची खाट, मांडीवर उशी, उशीवर स्टीलचं ताट आणि ताटात जुन्या मखमली ब्लाऊजचा तुकडा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. तोरणं करायची, गणपती, मोर, नारळाची झाकणं. शेजारच्या कोणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवतासाठी पल्लवीकडे यायचे. दुखणं उठलं तरी मणी सोडत नव्हती. मी म्हणायचो, "आराम कर ना वं." तर म्हणायची, "बाबा, हातात सुई असली की पायाचं ध्यान राहत नाही."

त्या वर्षी श्रावणात कारखान्याच्या कॉलनीत राखीमेळा होता. तिथल्या बायकांचा क्लब आहे, त्यांनी भरवलेला. पल्लवीची तोरणं घेऊन मीच तिला पोचवून आलो. तिथे एक मॅडम भेटल्या — नंदिता मॅडम. त्यांचे मिस्टर कारखान्यात साहेब, जबलपूरकडून नव्यानेच बदलून आलेले. मॅडमनी तोरणं पाहिली, पल्लवीला बसायला खुर्ची दिली, आणि पुढे दोन-तीनदा कॉलनीतल्या मुलांना मणीकाम शिकवायला बोलावून घेतलं. पोरगी घराबाहेर पडायला लागली याचंच आम्हाला केवढं कौतुक!

मग एक दिवस ती उड्या मारायचीच बाकी, अशी घरी आली. मॅडमच्या क्लबात ऑक्टोबरच्या शेवटी मुलांसाठी हॅलोविनची पार्टी होणार होती आणि हॉलची सगळी सजावट पल्लवीनं मण्यांची करायची होती.

"हे हॅलोविन म्हणजे काय असते वं?" सुनंदानं विचारलं.

"तिकडल्या लोकाईचा सण हाये आई. भुताईचा."

"आपल्या पितृपक्षावानी?"

"तसाच. पण ते पितराईले वाडी ठेवत नाईत. मेलेल्याईचे सोंग घेऊन हसतेत."

सुनंदाला काही ते रुचलं नाही. पण पल्लवी कामाला लागली. घर मण्यांच्या भुतांनी भरून गेलं. नारिंगी भोपळे, त्यांना काळे दात. काळी वटवाघळं. दारावर लावायचं कोळ्याचं जाळं, चंदेरी नळीमण्यांचं. पांढरी भुतं, आणि वाटाण्याएवढ्या डोळ्यांच्या कवट्या. सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडायची, "घरात मुंडके काऊन बनवून राह्यली वं? दुसरं काही बनव ना!" आणि पल्लवी एक कवटी उचलून तिच्या भाकरीच्या टोपल्यात ठेवून यायची. आम्ही फार हसलो त्या दिवसांत. पोळा झाला, गणपती बसले...

गणपतीतच ती गेली.

सकाळी ताप होता, छातीत दुखतं म्हणाली. गाडी करून चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, त्यांच्यावर माझा काही बोल नाही. दुपार कलता कलता संपलं. शेवटचं ती मला म्हणाली, "बाबा, पाय दाबा." मी पाय दाबत होतो. किती वेळ दाबत राहिलो कोण जाणे, मग सिस्टरनी माझा हात धरला.

याच्याविषयी आणखी लिहिता येत नाही.

घरी आलो तर खाटेवर ताट तसंच. अर्धी विणलेली एक कवटी, तिच्यात अडकलेली सुई. तेरवीला माझी मोठी बहीण शोभाबाई आली होती, वणीहून. तिनं ते सगळं पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जवान पोरीनं घरात भुतं बनवले, मुंडके बनवले. याच्यानंच घात झाला. उचल हे सारं अन् पैनगंगेत सोडून ये."

बहिणीच्या मनात वाईट नव्हतं. तिला भाचीचं दुःखच तसं झालं होतं. पण सुनंदा, जी तेरा दिवसांत एक शब्द बोलली नव्हती, ती उठली, ताट उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "हे माह्या पोरीच्या हातचं हाये. मी नाई टाकत."

आणि मग दोन-चार दिवसांनी, मी ड्युटीवर निघालो होतो, तर दारात म्हणाली, "तिनं मॅडमले हो म्हटलं व्हतं. अर्धं झालं, अर्धं राह्यलं. आपण करू."

"आपण? तुले येते का? मले येते का?"

"शिकू."

"मॅडमले फोन करून सांगून टाकतो ना मी..."

"नोका सांगू!" एवढ्या जोरात बोलली की मी चमकलो. "सांगितलं त त्या दया करतीन. म्हणतीन, राहू द्या आता. मंग हे इथीच पडून राहीन. तिचं काम पुरं होऊ द्या, मंग सांगा काय सांगाचं ते."

मी तसं केलं. पल्लवीचा मोबाईल घरात वाजला तर सुनंदाला सोसणार नाही, म्हणून तो मी हॉस्पिटलातच बंद करून माझ्या ड्युटीच्या खाकी थैल्यात, आतल्या कप्प्यात टाकला होता. फोन माझ्याजवळ आहे हे सुनंदालाही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, तो हॉस्पिटलातच कुठे राहिला. मी तिचा तो समज तसाच राहू दिला. हे पुढे लागेल म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

तर आम्ही शिकलो. सुनंदाची नजर बारीक मण्याला लागेना, म्हणून ती रंग वेगळे करून द्यायची आणि ओवायचं काम माझ्याकडे. चिल्लर मोजून मोजून जाड झालेली माझी बोटं! पल्लवीचं एक तयार वटवाघूळ समोर ठेवायचं आणि मणी-मणी पाहत तसं दुसरं विणायचं. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याची दोन टोकं एका मण्यातून समोरासमोर काढायची, ओढायची, पुढचा मणी. ऐकायला सोपं आहे. पहिलं वटवाघूळ मी चारदा उसवलं.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत जमली नाही. पल्लवी काम संपलं की तंगूसाची टोकं मागच्या मण्यांतून परत फिरवायची आणि मग कापायची. कुठे संपवलं ते शोधून सापडायचं नाही. मला ते होईना. मी सरळ गाठ मारायचो आणि आगपेटीच्या काडीनं टोक जाळायचो. तिथे काळा ठिपका राहायचा. त्यामुळे कोणतं तिचं आणि कोणतं माझं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

पण त्या कामानं आम्हा दोघांना वाचवलं असं मी आजही म्हणतो. तोपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. आता दुपारी ड्युटीवरून आलो की छपरीत समोरासमोर बसायचो, मध्ये ताट. मणी निवडता निवडता सुनंदा बोलायची. पल्लवी पहिल्यांदा 'आई' म्हणाली तो दिवस, तिनं चोरून खाल्लेली चिंच, सगळं. नवरात्रात मी एक वटवाघूळ विणलं, त्याचा तंगूस जास्त ओढला गेला आणि एक पंख पार आखडून पोटाशी आला. सुनंदानं ते हातात धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "हे त गाडीखाली आलेला कावळा दिसून राह्यला." आणि हसली. तेव्हापासून पहिल्यांदा. हसली आणि मग पदर तोंडात धरून रडली. मी ते वटवाघूळ उसवणार होतो, पण तिनं उसवू दिलं नाही. म्हणाली, "राहू द्या. जाऊ द्या तसंच."

दसरा झाल्यावर मी सगळं एका खोक्यात भरलं. वर माझा नंबर लिहिला आणि ड्युटीवर जाता जाता कॉलनीच्या गेटवर वॉचमनजवळ देऊन आलो. मॅडमना भेटलो नाही. भेटलो असतो तर सांगावं लागलं असतं.

आता झालं ते सांगतो.

पार्टीच्या दिवशी सकाळी मी राजुऱ्याच्या स्टँडवर होतो, गाडी लागायला वेळ होता म्हणून चहा घेत होतो. फोन आला. नंदिता मॅडम. आवाज एकदम आनंदी.

"भाईसाहब, हॉल इतना सुंदर लग रहा है कि क्या बताऊँ! शाम को आप और भाभीजी ज़रूर आइए. पल्लवी को तो मैंने कल बोल ही दिया है."

मी म्हटलं, "कल?"

"हाँ, कल दोपहर को आई थी ना. आपको बताया नहीं?"

मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. "हाँ, हाँ" असंच काहीतरी. चहा तिथेच ठेवला. कंट्रोलरला म्हटलं, बरं वाटत नाही, माझ्या जागी दुसरा द्या. माझा चेहरा पाहून त्यानं लगेच दुसरा कंडक्टर दिला. मिळाली ती गाडी धरून मी सरळ कॉलनीत गेलो. सुनंदाला फोन केला नाही. मनात एकच की मॅडमनी दुसऱ्या कोणाला तरी पल्लवी समजलं. कॉलनीत शिकवायला येणारी दुसरी एखादी पोरगी असेल.

क्लबाचा हॉल उघडा होता. आत शिरलो आणि पाय थबकले. वर छतापासून वटवाघळं लोंबत होती, भोपळ्यांच्या माळा, दारावर ते चंदेरी जाळं. उन्हाची तिरीप आत येत होती आणि मणी चमकत होते. भुतांच्या सजावटीला कोणी सुंदर म्हणेल का? पण ते सुंदर होतं.

मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर क्लबातले शिपाई मारोतीभाऊ, वयस्कर माणूस, गडचांदूरकडचा. मी विचारलं, काल कोण आलं होतं.

"पल्लवी," मॅडम म्हणाल्या. "मैं यहीं बैठी थी, ये मारोतीजी झालर लगा रहे थे. वो आई और बोली, मॅडम, ये ऐसे नहीं लगेगा, मैं लगाती हूँ. मैंने पूछा, तेरा फोन क्यों बंद है रे, कितने मेसेज किए. तो बोली, फोन बाबा के थैले में है."

माझा थैला माझ्या खांद्यावर होता. मी त्याच्यावर हात ठेवला. उघडला नाही.

"अन् स्टुलावर चढली ना भाऊ," मारोतीभाऊ म्हणाले. "म्या म्हटलं, बाई, तू नोको चढू, तुह्या पायाचं दुखणं हाये, मी टांगतो. त म्हणे, काका, तुमी फक्त स्टूल धरा. सरसर चढली, सरसर उतरली. बकरीच्या पिल्लावानी."

"हाँ, मैंने भी देखा," मॅडम हसल्या. "बिल्कुल सीधी चल रही थी. मैंने कहा, अरे पल्लवी, तेरा पैर ठीक हो गया? तो हँसी. बोली, हाँ मॅडम, अब नहीं दुखता."

मी खाली बसलो. खुर्ची होती की नव्हती पाहिलंही नाही, जमिनीवरच बसलो. मॅडम घाबरल्या, पाणी मागवलं. मग मी सांगितलं. गणपतीत गेली म्हणून सांगितलं. राहिलेलं काम आम्ही केलं म्हणून सांगितलं.

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मारोतीभाऊंकडे. मारोतीभाऊंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "भाऊ, मी खोटं नाई बोलून राह्यलो. ते माह्याशी बोलली. सगळं टांगून झाल्यावर खुर्चीवर बसली, एक वटवाघूळ मांडीवर घेतलं अन् म्हणे, काका, हे माह्या बाबानं बनवलं. उसवलं तिनं ते अन् परत ओवलं. मी चहा आणाले गेलो, आलो त नव्हती. मले वाटलं, गाडीची वेळ झाली असन."

"कोणतं?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीजवळचं दाखवलं. स्टूल घेऊन मी चढलो आणि ते काढलं. माझेच मणी. काळे संपत आले होते म्हणून त्या एकाला मी पोटाशी निळे मणी घातले होते, त्यामुळे चुकायची सोयच नव्हती. आखडलेला पंख सरळ झाला होता, दोन्ही पंख सारखे. मी ते खिडकीच्या उजेडात धरून गाठ शोधली. जळका काळा ठिपका शोधला. नव्हता. कुठे संपवलंय तेच सापडत नव्हतं.

मी ते परत होतं तिथे टांगलं. तिनं टांगलेलं होतं... मला ते घरी न्यावंसं वाटलं नाही.

घरी येऊन सुनंदाला सांगायचं कसं, याचा विचार करत आलो. शेवटी छपरीत बसवून, तिचे हात धरून सांगितलं. थैल्यातल्या फोनचंही सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल, घाबरेल, नाहीतर माझ्यावर चिडेल. तिनं उलट माझेच हात घट्ट धरले. मग म्हणाली,

"स्टुलावर चढली?"

"हो."

"लंगडत नव्हती?"

"नाई म्हणते. सरळ चालत व्हती."

"दुखत नाई म्हटलं?"

"हो. अब नहीं दुखता, असं म्हटलं म्हणे."

तेच तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग उठली, तोंड धुतलं, केस विंचरले. किती दिवसांनी. "मले घेऊन चला तिथी," म्हणाली.

दिवस मावळता मावळता आम्ही क्लबात पोचलो. पार्टी सुरू झाली होती. कॉलनीतली मुलं काळे झगे घालून, तोंडाला रंग फासून पळत होती. मॅडम आम्हाला पाहून दारापर्यंत आल्या आणि सुनंदाला घट्ट मिठी मारली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. बोलायला लागलंही नाही. मॅडमनी तिला खिडकीजवळ खुर्ची दिली, बरोबर त्या वटवाघळाखाली. सुनंदा मान वर करून पाहत राहिली. पांढरी चादर पांघरलेलं एक पिटुकलं पोर तिच्यासमोर येऊन "भूऽऽ" करून ओरडलं. मग तिचे डोळे पाहून बिचारं स्वतःच घाबरलं. म्हणालं, "आंटी, आप डर गए?"

सुनंदानं त्याला जवळ ओढलं आणि चादरीवरून त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. "नाई रे बापा," म्हणाली. "नाई भेली मी."

ही झाली हकीकत. त्यानंतर मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे, कोणी मला बावळट समजू नये. मॅडमची तारखेत गफलत झाली असेल का? पण ते वटवाघूळ मी नवरात्रात विणलं. त्याआधीच ती गेली होती. दुसरी कोणी मुलगी असेल का? फोन कुठे आहे हे तिला कसं कळावं? मी कोणाजवळ बोललो नव्हतो. मारोतीभाऊंनीच वटवाघूळ दुरुस्त केलं असेल? त्यांचे हात मी पाहिले आहेत, त्यांना सुईत दोरा घालता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, दुःखात माणसाला असं होतं. असेल. पण दुःख तर आम्हाला होतं. मॅडमना आणि मारोतीभाऊंना ती गेल्याचं ठाऊकच नव्हतं.

माझा मेहुणा राजू म्हणाला, "भाऊजी, कॉलनीच्या गेटवर कॅमेरा असतो. मी ओळख काढून पाहून येतो." मीही म्हटलं, पाहू या. सुनंदानं त्याला थांबवलं.

"काऊन वं ताई? एकदाचं समजून जाईन ना."

"त्यात नसली त मी काय करू?" ती म्हणाली. "अन् असली त मंग मी तेच पाहत बसन रोज. नोको."

कोणी पाहिलं नाही. आता तर ते पुसलंही गेलं असेल.

शोभाबाई म्हणते, आत्मा अडकला आहे, शांत करून घ्या. मी तिला एवढंच म्हणालो की बाई, जिचं दुखणं थांबलं तिला आणखी काय शांत करू?

पण एक गोष्ट मात्र फार छळायची, आणि ती सुनंदाला माझ्याहून जास्त. ती क्लबात गेली, तिथे हसली, बोलली. मॅडमना भेटली, मारोतीभाऊंना काका म्हणाली. मग घरी का नाही आली? कॉलनीतून आमचं घर असं किती दूर! त्या दुपारी सुनंदा घरीच होती, छपरीत बसलेली. दार उघडं होतं. "पराया माणसाईले भेटून गेली," ती म्हणायची, "अन् माह्या दारावरून तशीच गेली? घरी काऊन नाई आली?" दिवाळीपर्यंत रोज हेच. दुपारी दार लावू द्यायची नाही. मी ड्युटीवरून आलो की आधी माझ्या मागे पाहायची, मग माझ्याकडे. खरं सांगायचं तर मलाही थोडा राग यायचा पोरीचा. मेलेल्या पोरीवर रुसणारा बाप तुम्ही कुठे पाहिला नसेल.

दिवाळीनंतर सुनंदा पुन्हा शेतात जायला लागली. सासऱ्यांचं थोडं रान आहे, तिथे कापूस वेचायला. एका सुटीच्या दिवशी मीही गेलो. दोघं शेजारशेजारच्या तासांत, म्हणजे कापसाच्या ओळींत, होतो. मग ती वेचता वेचताच, माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"घरी आली असती त आपण तिले परत जाऊ देलं असतं का?"

मी उभाच राहिलो. ती पुढे सरकली, बोंडातून कापूस काढून ओटीत टाकत राहिली. त्या दिवसानंतर तिनं तो प्रश्न विचारला नाही. दार मात्र अजूनही दुपारी उघडंच असतं.

असं आहे सगळं. माझ्याजवळ याचा उलगडा नाही, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्याजवळही नव्हता. वाचणाऱ्यांपैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त ती आली नव्हती, असं लिहू नका. याच्याखाली तुम्ही लिहिता ते सगळं सुनंदा माझ्याकडून वाचून घेते.